मांड हलवण्याआधीची मुंबई

मुंबईला लोक नोकरीसाठी जातात, इस्पितळासाठी जातात, गणपतीला जातात. आम्ही दोघं बोगदा पाहायला गेलो.

दोघं म्हणजे मी आणि तात्या. मी गावच्या शाळेत तेवीस वर्षं शिकवते. तात्या माझे चुलत सासरे, पंचाहत्तरीचे, गावचे पहिले मानकरी. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण सगळे कागद अजून व्हायचे आहेत. वैभववाडीकडे, घाटाच्या पायथ्याला आहे एवढं सांगते. त्या घाटाच्या पोटातून रस्त्याचा मोठा बोगदा निघणार आहे आणि त्याचं आमच्या बाजूचं तोंड नेमकं देवाच्या मांडावर येतं. मांड म्हणजे जांभ्या दगडाचा चौथरा आणि पुढचं मोकळं अंगण. शिमग्याची होळी तिथे उभी राहते, पालखी तिथे नाचते, भावकीतली भांडणं तिथेच मिटतात. प्रकल्पाची माणसं दोनदा येऊन गेली. नवी जागा देतो, चौथरा बांधून देतो, म्हणाली. गावाने दोन्ही वेळा नाही म्हटलं. खरं तर तात्यांनी नाही म्हटलं आणि आपसात कितीही भांडलं तरी त्यांच्यापुढे गाव गप्प बसलं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत शेवटचं उत्तर द्यायचं होतं. आमच्या नकाराने बोगदा थांबेल असं मला वाटत नव्हतं. तो आमच्याशी न बोलता होईल, एवढाच फरक पडेल, ही मला भीती होती.

करी रोडला माझी मावसबहीण मंदा राहते. फोनवर मी तिच्यापाशी रडगाणं गायले तेव्हा ती म्हणाली, "अगं, गिरगावात चाळींच्या खालून मेट्रो गेली. माणसं उठवली, परत आणून बसवली. माझी मैत्रीण त्याच कामात होती, घरोघर जाऊन लोकांशी बोलायचं काम. तू एकदा येऊन बघ तरी."

मी भीतभीतच तात्यांना विचारलं. ते सुपारी कातरत होते. "चल," म्हणाले. "बघून इल्यावर नाय म्हटलंय, तर माका आडमुठो म्हणूची कोणाची हिंमत होवची नाय."

अशा रीतीने आम्ही निघालो. ते आपला नकार पक्का करायला आणि मी तो सैल व्हावा म्हणून.

करी रोड

तात्या तरुणपणी एक वर्ष मुंबईत होते. गिरणीत बदली कामगार म्हणून लागले होते, गावकऱ्यांच्या खोलीत वीस जणांत झोपायचे. आई आजारी पडली म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. आता मंदाची इमारत जिथे उभी आहे, तिथून ती खोली हाकेच्या अंतरावर होती म्हणे. मंदा एकोणिसाव्या मजल्यावर राहते. तिथेही चाळच होती. ती पाडून मूळच्या भाडेकरूंना वर घरं मिळाली.

तात्या खिडकीशी गेले आणि दोन्ही हातांनी गज धरून उभे राहिले. खाली लालबागचा उड्डाणपूल मुलांच्या खेळण्यासारखा पडला होता. मसाल्याच्या दुकानांपुढे वाळत घातलेल्या मिरच्यांचा एक लाल ठिपका दिसत होता. कौलं कुठे कुठे शिल्लक होती, त्यांच्या मधून काचेचे मनोरे निघाले होते, आणि त्या सगळ्यापलीकडे धुरकट निळा समुद्र होता. तात्या आपल्या गिरणीची चिमणी शोधत होते. ती मिळेना.

"ह्या सगळा माणसांनीच केलानी?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. रात्री मंदाने तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. चव थेट गावची होती. तरी तात्या जेवताना दोनदा उठून खिडकीकडे जाऊन आले.

दादर ते गिरगाव

मंदाची मैत्रीण सुजाता आम्हाला दादरच्या भुयारी स्थानकाबाहेर भेटली. चाळिशीची, बुटकी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला मोठी कापडी पिशवी. बोलणं असं भराभर, की तिचं पहिलं वाक्य आपल्याला कळेपर्यंत तिचं तिसरं सुरू झालेलं असतं.

"नमस्कार बाई. नमस्कार काका. टेन्शन घेऊ नका, सगळं आरामात बघू. चला."

आरामात काही झालं नाही. सामान तपासण्याच्या यंत्रातून तात्यांची पिशवी गेली आणि शिट्टी वाजली. पहाऱ्यावरच्या मुलीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "काका, हे काय आहे?"

"अडकित्तो."

"म्हणजे?"

तात्यांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. अडकित्ता माहीत नसलेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. धार असलेली वस्तू आत नेता येत नाही, हे काही त्यांना पटेना. शेवटी सुजाताने वर जाऊन तो एका पानवाल्याकडे ठेवला. "संध्याकाळी घेऊ, ओळखीचा आहे," ती म्हणाली. तात्या वरच्या दिशेने वळून वळून पाहत राहिले. मग सरकता जिना आला. त्यावर पाय ठेवायला ते तयार होईनात, तेव्हा तीच पहाऱ्यावरची मुलगी धावत आली, त्यांचा हात धरून तिने "एक, दोन, तीन" म्हटलं आणि दोघं एकदम पायरीवर उभी राहिली.

एक जिना उतरलो, मग दुसरा, मग तिसरा. रस्त्यावरचे हॉर्न हळूहळू विझले. हवा गार झाली. मी शाळेत मुलांना पृथ्वीच्या पोटातले थर शिकवते, फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवते. पण इतक्या खाली मी स्वतः कधी उतरले नव्हते. फलाटावर दिव्यांचा पांढरा उजेड होता आणि छत देवळाच्या सभामंडपापेक्षा उंच. गाडी येण्याआधी तिचा वारा आला. बोगद्यातून कोणी मोठा श्वास सोडावा तसा तो आला आणि माझा पदर उडाला.

वळून पाहते तर तात्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या होत्या.

"तात्या, अहो हे काय?"

"भुंयच्या पोटात उभो आसंय," ते हळू आवाजात म्हणाले. "हंय पायताण घालून कसो ऱ्हवू?"

सुजाताने आपल्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं. 

गिरगावला उतरल्यावर तिने आम्हाला लगेच वर नेलं नाही. फलाटावरून आणि मग जिन्यांमधल्या लांब मार्गिकेतून ती सावकाश चालत होती, मान वर करून, छताकडे पाहत. "आत्ता आपल्या डोक्यावर सामंत आजींचा ओटा," ती म्हणाली. चार पावलं गेल्यावर, "इथे गाण्याची शिकवणी. पेटी रोज साडेपाचला." आणखी पुढे, "इथे एक बाळंतीण होती. मशीन खालून जायचं त्याच आठवड्यात तिचे दिवस भरले होते." छत कोरं होतं. तिला मात्र त्यातून आरपार सगळी बिऱ्हाडं दिसत होती.

"खालून मशीन जायचं त्या दिवशी मी वर बसलेली असायचे," तिने सांगितलं. "लोक घाबरलेले. चाळी शंभर-शंभर वर्षांच्या, लाकडी जिने. मी काय करायचे, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं ओट्यावर ठेवायचे. म्हणायचे, आजी, ह्याच्याकडे बघत बसूया. सांडलं तर मी पहिली ओरडेन."

"सांडला?" तात्यांनी विचारलं.

"दोन घरांत थरथरलं. मी लपवलं नाही. धावत खाली गेले, काम थांबवायला लावलं, त्या दोन्ही घरच्यांना दुसरीकडे झोपायला नेलं. साहेब लोक माझ्यावर जाम भडकले होते."

तात्यांनी हातातल्या वहाणा खाली ठेवल्या, पण घातल्या नाहीत. किती तरी वेळ ते त्या छताकडे पाहत होते.

वर आलो तर ऊन, नारळवाले, फुलांचे गजरे, आणि एका दारावर दोघी म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसलेल्या. सुजाताला पाहताच एकीने हाक मारली, "काय गं, आज कोणाला आणलंस?" स्थानकासाठी ज्यांच्या चाळी पाडल्या होत्या, त्यांतल्या ह्या दोघी. कामाच्या वर्षांत त्यांना दूर उपनगरात ठेवलं होतं. गणपतीत मात्र रोज बस यायची, सगळ्यांना आरतीला गिरगावात आणायची आणि परत सोडायची. आरतीच्या वेळी खालचं यंत्र बंद. पाडव्याच्या शोभायात्रेच्या सकाळी रस्ता अडवणारे पत्रे बाजूला सरकायचे. त्या पत्र्यांवर चाळीतल्या बायकांनी आपल्या जुन्या दारांची, जिन्यांची, तुळशींची चित्रं काढली होती.

चाळीच्या दारात दत्ताचं लहान देऊळ होतं. ते नव्या इमारतीच्या दारात पुन्हा बसवलं होतं. तात्या त्याच्यापुढे उभे राहिले. "मूर्ती कोणी हलवल्यानी? कंत्राटदारान?"

"छे हो!" एक म्हातारी म्हणाली. "हात लावू दिला नाही आम्ही. आमच्याच माणसांनी उचलली. ही बया रस्ता मोकळा करून पुढे चालत होती."

तात्या "हं" म्हणाले. मुंबईत आल्यापासून कोणाचं काही त्यांना पटल्याची ती पहिली खूण होती.

तिसरा मजला

मी खूश झाले होते. माझ्या बाजूने सगळं व्यवस्थित चाललं होतं. पण सुजाता म्हणाली, "चांगलं कोणीही दाखवेल. आता मी चुकले ते घर बघा."

नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वसंतराव राहतात. ऐंशीच्या घरातले, कुठल्याशा जुन्या कंपनीत हेडक्लार्क होते, चार पिढ्या गिरगावातच. दार त्यांनीच उघडलं. अंगात इस्त्रीचा सदरा, घरात एकटे. सुजाताला पाहून हसले नाहीत. "या," एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता. सुजाताने आम्हाला हळू आवाजात सांगितलं. घर रिकामं करायच्या वेळी काकू जायला तयार नव्हत्या. सुजाताने त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, काकू, पुढच्या वर्षीचा गणपती तुम्ही तुमच्या घरात बसवाल. तिला वरून तसंच सांगितलं होतं. काम रखडलं. पुढचा गणपती गेला, त्याच्या पुढचाही गेला. काकू उपनगरातल्या त्या परक्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावरच वारल्या.

वसंतराव चहा घेऊन आले. आमची चौकशी केली. आम्ही कशासाठी आलो ते तात्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं आणि मग सरळ विचारलं, "तुमचो हिच्यार राग आसा ना?"

"आहे," वसंतराव म्हणाले.

"मगे घरात कित्या घेतास?"

वसंतरावांनी कप बशीत ठेवला. "कारण ही येते. माझ्याकडून सह्या घेऊन गेलेले सात-आठ जण तरी होते. एकाचंही तोंड मला पुन्हा दिसलं नाही. ही दर महिन्याला येते, मी वाट्टेल ते बोलतो, ही ऐकून घेते. रागवायला तरी समोर माणूस हवं की नको?"

सुजाता खाली मान घालून बसली होती. तिचं मेट्रोचं काम संपून गेलं आहे, आता तिला तिथे येण्याचा पगारही मिळत नाही.  बोगद्यात मी थक्क झाले होते. पण इथे, ह्या लहानशा दिवाणखान्यात, मला त्याहून खोल काहीतरी दिसत होतं. एक माणूस क्षमा करत नाही आणि दुसरं माणूस यायचं थांबत नाही.

उठताना तात्यांनी विचारलं, "परत सही केली असतास?"

वसंतरावांनी फोटोकडे पाहिलं. "हिला विचारून सांगितलं असतं," ते म्हणाले. "त्या वेळी मी हिला विचारलंच नव्हतं. घर माझ्या नावावर होतं."

परळ

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजाताने जेवायला बोलावलं. परळच्या इस्पितळांमागे तिची चाळ आहे, अजून न पाडलेली. वडील गिरणीत होते. आता ती आणि आई. दारातून शिरताच समोर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, ताज्या फुलांचा हार. दोन खोल्या, लख्ख. गरम भाकऱ्यांचा आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास सुटला होता.

पाटावर बसायच्या वेळी तात्या म्हणाले, "माजो उपास आसा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुवार नव्हता, एकादशी नव्हती, काही नव्हतं. सकाळीच मंदाकडे त्यांनी चार घावणे खाल्ले होते. आमच्या गावात बौद्धवाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आहे आणि तात्या आयुष्यात तो व्हाळ ओलांडून गेलेले नाहीत, हे मला माहीत होतं. सुजाताला न सांगताही कळलं असावं. तिने नुसतं ताट उचललं.

तिची आई मात्र उठली, आत गेली आणि दोन वेलची केळी घेऊन आली. "उपासाला केळं चालतं, दादा," ती म्हणाली. एक सोलून तिने तात्यांपुढे धरलं. चेहऱ्यावर राग नाही, थट्टा नाही. दारात आलेला पाहुणा उपाशी राहू नये, एवढंच.

तात्यांचा हात मांडीवर होता. तो लवकर उठला नाही. मग उठला. त्यांनी केळं घेतलं आणि खाल्लं, मग दुसरंही खाल्लं. मी आणि सुजाता भाकरी खात होतो, पण माझं लक्ष घासाकडे नव्हतं.

जेवणानंतर सुजाताने कापडी पिशवीतून वह्या काढल्या. शाळेतल्या असतात तशा दोनशे पानी, कोपरे दुमडलेल्या. प्रत्येक वही एकेका इमारतीची. मी एक उघडली आणि वाचतच गेले. पहिला मजला, डावीकडे: आजोबा दुपारी दोन ते चार झोपतात, तेव्हा ड्रिल नको. शेजारी: मुलगी दहावीला. त्यापलीकडे: मुलगा रात्रपाळी करतो, सकाळी झोपतो. मागच्या वाडीत ख्रिस्ती घरं, नाताळाआधीचे नऊ दिवस संध्याकाळी प्रार्थना. पुढच्या मोहल्ल्यात रमझान, पहाटे पाण्याची लाइन तोडू नये. एका पानावर फक्त एवढंच लिहिलं होतं: "ह्यांना ऐकू कमी येतं. धक्का जाणवतो, आवाज नाही. कागद दाखवून सांगणे. चारदा गेले. पाचव्यांदा हसल्या."

तेवीस वर्षांत मी माझ्या वर्गातल्या मुलांबद्दल इतकं टिपून ठेवलेलं नाही.

"तुमच्या गावाची वही करूया?" सुजाताने विचारलं आणि कोरं पान काढलं. "मी सुरुवात नेहमी शेजाऱ्यांपासून करते. तात्या, मांडाची नवी जागा देतायत, तिथे शेजारी कोण राहतं?"

  गावात हे कोणी कधी उच्चारलं नव्हतं. सभेत सगळे देवाविषयी बोलायचे, परंपरेविषयी बोलायचे, मीही तेच बोलायचे. ती जागा व्हाळापलीकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, आहे.

"बौद्धवाडी," मी म्हणाले.

सुजाताचं पेन थांबलं. तिच्या आईने भांडी आवरता आवरता मान वर केली आणि साधेपणाने विचारलं, "मग त्यांना विचारलंत का? तुमचे ढोल त्यांच्या दारात वाजणार ना?"

कोणीही विचारलं नव्हतं. प्रकल्पाच्या माणसांनी नाही, पंचायतीने नाही, मी नाही. आपला देव तिकडे न्यायचा की नाही, यावर गाव सहा महिने भांडत होतं. तिकडच्या माणसांना तो शेजारी चालेल का, हा प्रश्न असू शकतो, हेच आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

मच्छीमार नगर

शेवटच्या दिवशी भुयारी मेट्रोने अगदी टोकाला, कफ परेडला गेलो. ह्या खेपेला तात्या जिन्यावर स्वतःच चढले. अडकित्ता मंदाच्या घरी ठेवला होता.

वर मोठमोठ्या कचेऱ्या, आणि थोडं चाललं की एकदम कोळीवाडा. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं, आणि त्यांच्या मागे आभाळात घुसलेल्या इमारती. एका कोळणीकडून मी सुंगटं, म्हणजे सुकी कोलंबी, घेतली. तिने सुजातालाही हाक मारून चार सुंगटं जास्त घातली. ह्या बाईला ह्या शहरात कोण ओळखत नाही, कुणास ठाऊक.

तात्या पाण्याकडे तोंड करून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी सुजाताला जवळ बोलावलं.

"काल माजो उपास नव्हतो," ते म्हणाले.

"माहीत आहे," सुजाता म्हणाली.

"तुज्या आवशीक पण म्हायत होता?"

"आईला सगळ्यात आधी कळलं."

तात्यांनी मान हलवली. "तरी तेणी केळा दिल्यान." मग म्हणाले, "तुका राग नाय इलो?"

"आला होता ना. आत्ताही आहे थोडा." ती त्यांच्या शेजारी वाळूत बसली. "पण तुम्ही सांगितलंत. चला, वडापाव खाऊया. भूक लागलीय मला."

एका टपरीवर तिघांनी वडापाव खाल्ले. तात्यांनी आपल्यातली हिरवी मिरची तिला दिली.

घरी

गावी पोचलो तेव्हा ग्रामसभेला पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या धुवट सदरा घालून माझ्या दारात आले. "चल, बाय. माका वाट दाखव."

वाट सरळ आहे, घरातूनही दिसते. पण मला कळलं. आम्ही व्हाळ ओलांडला. मी स्वतःही तिकडे गेले ते जनगणनेला आणि पोलिओच्या डोसाला. पोरं माझ्या वर्गात येतात, मी त्यांच्या घरी जात नाही.

बौद्धवाडीतले जाधव निवृत्त पोस्टमन आहेत. अंगणात सुपारी पसरत होते. तात्यांना पाहून ते उभे राहिले. खुर्ची आणली. तात्या बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. बोगदा, मांड, सड्यावरची जागा, सगळं सांगितलं. "शिमग्याचे दिवस ढोल तुमच्या दारात वाजतले. पालखी हयसून जातली. माणसा येतली, गोंगाट होतलो. तुमका चालात काय, ता इचारूक इलंय."

जाधवांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "तात्यानू, नोकरीभर तुमच्या दारात टपाल टाकलंय," ते म्हणाले. "माज्या दारात तुम्ही आज पयल्यांदा इलास."

"होय," तात्या म्हणाले. 

"इचारलास ह्या बरा केलास. पण उत्तर मी एकटो देवचंय नाय. आमची सभा होयत. बायकांका इचारूक होया, पोरांका इचारूक होया."

"थांबतंय."

"आणि नाय म्हटला तर?"

"तर नाय," तात्या म्हणाले.

त्या दिवसांत भावकी तात्यांवर तुटून पडली. गावचा मांड, तेंका कित्या इचारूचा, असं त्यांच्या ओसरीवर येऊन लोक बोलले. दोघा पुतण्यांनी बोलणंच सोडलं. तात्या सुपारी कातरत ऐकून घ्यायचे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पडवीत सभा भरली. एरवी बौद्धवाडीतले दोघं-तिघं येऊन मागे खांबाशी उभे राहतात. त्या दिवशी सगळी वाडी आली, बायकामुलांसकट, आणि पुढे बसली. जाधवांनी कागद वाचला. जागेला त्यांची हरकत नव्हती. अटी तीन होत्या. परीक्षेच्या दिवसांत रात्री दहानंतर ढोल नाही. मांडाचं अंगण गावाचं, म्हणून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची माणसंही तिथे टेकतील. आणि प्रकल्पाशी बोलणी करणाऱ्या समितीत त्यांच्या वाडीतली एक बाई असेल.

तिसऱ्या अटीवर गलका झाला. काही जण उठून गेले. राहिलेल्यांत सगळ्यात आधी तात्यांनी हात वर केला, मग हळूहळू बाकीचे. शिमगा झाल्यावर मांड आपल्याच माणसांनी हलवायचा आणि बोलणी करायला प्रकल्पाने शेवटपर्यंत एकच माणूस नेमायचा, असं ठरलं. ग्रामसेवक समितीची नावं लिहायला बसला.

तात्यांनी विचारलं, "बाई कोण तुमची?"

पुढच्या रांगेतून एक मुलगी उठली. तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. माझ्याच हाताखाली शिकलेली. "मी. प्रज्ञा."

"लिव रे," तात्या ग्रामसेवकाला म्हणाले.

ग्रामसेवकाने पेन उचललं, कागदाकडे पाहिलं. गावच्या समितीची यादी मानकऱ्यांच्या क्रमाने लिहायची रीत आहे आणि वरची ओळ त्याने तात्यांसाठी रिकामी ठेवली होती. "कितव्या नंबराक लिवू?" त्याने विचारलं.

"पयल्या," तात्या म्हणाले.